शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती, स्टेज ठरली नव्हती

पेशंट ५४ वर्षांच्या, राहायला ठाण्यात वर्तकनगरला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नावाऐवजी काकू म्हणतो, दवाखान्यातही मी त्यांना काकूच म्हणतो. पाळी जाऊन चार वर्षं झालेली. गेले सात-आठ महिने अंगावरून वास येणारं पांढरं जात होतं, मधूनच लाल डाग. घरात कुणाला बोलल्या नाहीत. उष्णता असेल म्हणून सब्जा आणि धने-जिऱ्याचं पाणी चालू होतं. शेवटी सुनेने बादलीत वेगळे भिजवलेले कपडे पाहिले आणि सासूबाईंना जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलंच.

तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी एक काम चोख केलं. पहिल्याच भेटीत टेबलावर घेऊन आत पाहिलं. गर्भाशयाच्या तोंडावर हात लावताच रक्त येणारी वाढ होती, तिचा तुकडा तपासणीला पाठवला. हे मुद्दाम लिहितो, कारण आत न बघताच पांढऱ्या पाण्यावरच्या गोळ्यांचे तीन-तीन कोर्स झालेल्या बायका माझ्याकडे नेहमी येतात. आठवड्याने रिपोर्ट आला : मॉडरेटली डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. गर्भाशयमुखाचा कॅन्सर. आणि लगेच सल्ला मिळाला, पिशवी काढून टाकू, दुर्बिणीतून करू, तीन दिवसांत घरी. पुढच्या गुरुवारची तारीख पडली.

मंडळी माझ्याकडे आली ती फिटनेस घ्यायला. ईसीजी, साखर, छातीचा एक्स-रे, रक्तदाब, एवढं बघून सही हवी होती. काकूंचा धीर पाहण्यासारखा होता. "डॉक्टर, एकदाची पिशवी गेली की सुटले. तिचा आता उपयोग तरी काय?" काका गप्प. बोलत होती ती सून, आणि तिच्या मोबाइलवर यादी तयार होती. एक नर्सिंग होमच्या बाई. दुसरं नाव घोडबंदर रोडवरच्या एका दुर्बीणतज्ज्ञाचं, ज्यांची जाहिरात रिक्षांच्या मागे दिसते. तिसरं एका मोठ्या रुग्णालयातल्या कॅन्सर सर्जनचं, तिथे रोबोट आहे. "सर, या तिघांत सगळ्यात चांगलं कोण? रिव्ह्यू तर तिघांचेही साडेचारच्या वर आहेत."

रिव्ह्यूंबद्दल माझं मत बरं नाही. रिसेप्शनवरची मुलगी नीट बोलते का आणि गाडी लावायला जागा मिळते का, हे त्यातून कळतं. पोटात काय केलं हे तारे देणाऱ्याला दिसलेलं नसतं.

मी फाइल उलटसुलट चाळली. बायोप्सीचा रिपोर्ट होता, रक्ताचे रिपोर्ट होते, साधी सोनोग्राफी होती. एमआरआय नव्हता. आजार तोंडापुरताच आहे की बाजूला सरकला आहे, याबद्दल कुठेही एक ओळ नव्हती. आधी कळस मग पाया असा हा प्रकार. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये डॉक्टर कोण हे स्टेजवर ठरतं, कारण एका टप्प्यापलीकडे मुख्य उपचार शस्त्रक्रिया उरतच नाही. सुनेच्या यादीतले तिघेही सर्जन होते. त्यातला सर्वोत्तम निवडायचा तर आधी सर्जन लागणार आहे का हे कळायला हवं होतं.

नर्सिंग होमच्या बाईंना मी फोन केला. आमची जुनी ओळख आहे. त्यांच्या हातून या भागातली कितीतरी बाळंतपणं सुखरूप झाली आहेत, फायब्रॉइडच्या शस्त्रक्रियाही त्या छान करतात. त्यांचं म्हणणं, "मला तपासताना लवकरची वाटली." योनीमार्गाबरोबर गुदद्वारातूनही बोट घालून तपासलं का, असं विचारलं. ती तपासणी त्या दिवशी राहिली होती. प्रकार पेशंटला नकोसा वाटतो, पण गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या ऊतीत, पॅरामेट्रियममध्ये, आजार शिरला आहे का हे बोटाला तिथूनच नीट कळतं. एमआरआय होईपर्यंत तारीख पुढे ढकलू असं बाई स्वतःच म्हणाल्या. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही, हे माझ्या दृष्टीने चांगल्या डॉक्टरचं लक्षण.

काका मात्र धास्तावले. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो असं त्यांना शेजारच्यांनी सांगितलं होतं, त्यात आता तारीख पुढे. बायोप्सीने हा कॅन्सर पसरत नाही, आणि नीट तपासण्यांसाठी गेलेल्या आठ-दहा दिवसांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते महिने गेले की. अर्थात रक्त जोरात सुरू झालं तर वाट बघायची नाही, रात्री दोन वाजताही मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं, हे कागदावर लिहून दिलं.

एमआरआय झाला. वाढ ४.६ सेंटिमीटरची, डाव्या बाजूला पॅरामेट्रियममध्ये शिरलेली, ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत न पोचलेली. मूत्रवाहिन्यांवर दाब नाही, लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) वाढलेल्या नाहीत. फिगो या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१८च्या पद्धतीत याला स्टेज टू-बी म्हणतात.

गुरुवारी ठरल्याप्रमाणे पिशवी काढली असती तर काय झालं असतं? साध्या हिस्टेरेक्टॉमीत सर्जन गर्भाशयाला लागून कापतो. म्हणजे सुरी नेमकी आजारातून गेली असती आणि डाव्या बाजूचा कॅन्सर तिथेच राहिला असता. मग किरणोपचार घ्यावेच लागले असते. पण ते आता जास्त कठीण. पिशवी निघाली की तिच्या जागेत आतडी उतरतात आणि किरणांच्या वाटेत येतात. शिवाय या आजारात सगळ्यात परिणामकारक डोस आतून दिला जातो. त्यासाठी एक बारीक पोकळ नळी गर्भाशयमुखातून वर पिशवीत सरकवतात आणि किरणोत्सारी स्रोत काही मिनिटांपुरता त्या नळीत येतो. ब्रॅकीथेरपी ती हीच. पिशवीच नसेल तर नळी ठेवणार कुठे? काकूंच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. ज्या पिशवीचा आता उपयोग काय असं त्या विचारत होत्या, तिच्यावाचून हा उपचार नीट होत नाही.

सुनेचा पुढचा प्रश्न रास्त होता. मोठी शस्त्रक्रिया करणारा कॅन्सर सर्जन बाजूची ऊतीही काढू शकेल ना? आधी केमो देऊन गाठ लहान करून घेतली तर? हा विचार अनेक डॉक्टरांनीही केला होता आणि त्याचा कस आपल्या परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातच लागला. ६३५ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकून काढावेत तसे दोन गट केले : एका गटाला आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया, दुसऱ्याला केमोसह किरणोपचार. २०१८ मध्ये निकाल छापून आला. पाच वर्षांनंतर आजाराशिवाय असलेल्यांचं प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ६९.३ टक्के, किरणोपचारांच्या गटात ७६.७ टक्के. अभ्यासातल्या स्त्रिया स्क्वॅमस प्रकारच्या, वन-बी-टू ते टू-बी टप्प्यातल्या, म्हणजे काकूंसारख्याच.

आणि रोबोट? त्याच २०१८ मध्ये लॅक नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा निकाल आला. तो लवकरच्या टप्प्यातल्या, म्हणजे शस्त्रक्रियेलाच योग्य असलेल्या स्त्रियांचा होता. साडेचार वर्षांनी पोट उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के जणी आजारमुक्त होत्या, दुर्बीण किंवा रोबोटने केलेल्यांत ८६ टक्के. छोटी छिद्रं, लवकर घरी, कमी दुखणं, सगळं खरं, पण या एका आजारात रॅडिकल हिस्टेरेक्टॉमीसाठी, म्हणजे पिशवीबरोबर बाजूची ऊतीही काढण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी, जुनी उभी चीर सरस ठरली. त्यामुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कुणी "दुर्बिणीतून करून टाकू" म्हणालं, तर जाहिरातीतला हा गुण इथे उलटा मोजावा लागतो.

हे सगळ्याच स्त्रीकॅन्सरना लावू नका. काकूंच्याच महिन्यात माझ्याकडे आणखी एक बाई होत्या, ५८ वर्षांच्या, पोट फुगल्यासारखं वाटतं म्हणून आलेल्या. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर अनेक कप्प्यांची गाठ, आत घट्ट भाग, रक्तातलं सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरच्या संशयात बघतात ती खूण) आलं ९५. यावर एक साधा गुणाकार आहे : सोनोग्राफीच्या खुणांचे गुण, पाळी गेली असेल तर ३, आणि सीए-१२५चा आकडा. इथे ३ गुणिले ३ गुणिले ९५, म्हणजे ८५५. २००च्या वर गेलं की पेशंट थेट स्त्रीकॅन्सर सर्जनकडे पाठवावा असा प्रघात आहे. त्यांच्या बाबतीत सगळं पहिल्या शस्त्रक्रियेवरच अवलंबून होतं. गाठ न फोडता अखंड काढायची, कारण फुटली तर अंडाशयाबाहेर न गेलेल्या आजाराचीही स्टेज चढते. टेबलावरच फ्रोझन सेक्शन, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठीची तातडीची तपासणी, करून बघायचं आणि कॅन्सर निघाला तर त्याच वेळी पोटभर तपासून जे दिसेल ते काढायचं. "सिस्ट आहे, दुर्बिणीतून काढू" हा सल्ला तिथे घातक ठरू शकला असता. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर तिसराच : त्यात शस्त्रक्रिया पहिली, आणि लवकरच्या टप्प्यात दुर्बीण बिनदिक्कत चालते. एकाच ओटीपोटातले तीन आजार, उत्तरं तीन.

स्त्रीकॅन्सर सर्जन म्हणजे नेमकं कोण, हेही इथेच सांगून टाकतो, कारण पाट्यांवर आजकाल काहीही असतं. एमडी, एमएस, डीएनबी किंवा डीजीओ ही स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राची पात्रता. त्यापुढे तीन वर्षांचा एमसीएच किंवा डीआरएनबी गायनॅक ऑन्कॉलॉजी केलेले डॉक्टर वेगळे. एमसीएच सर्जिकल ऑन्कॉलॉजी करून पुढे स्त्रीकॅन्सरमध्येच काम करणारेही उत्तम असतात. दोन-तीन महिन्यांच्या फेलोशिपवर पाटीला ऑन्को जोडणारेही आहेत. डॉक्टरांची नोंदणी आणि नोंदवलेल्या पदव्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पाहता येतात. विचारायला लाजू नये.

काकूंकडे परत येतो. आता शोधायचा होता रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे किरणोपचार देणारा कॅन्सरतज्ज्ञ, आणि सुनेने यादी नव्याने केली. पहिलं मत मी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमधून घ्यायला लावलं. ते टाटा मेमोरियल सेंटरचंच अंग आहे आणि ठाणेकरांना परळपेक्षा तिथली लोकल सोयीची. जाताना नर्सिंग होमकडून बायोप्सीच्या काचा आणि मेणाचा ब्लॉक मागून घेतला. लोक नुसता छापील रिपोर्ट घेऊन जातात आणि मग फेरी वाया जाते, काचा पुन्हा तपासल्याशिवाय कुठलंही नीट केंद्र उपचार सुरू करत नाही. तिथे रेडिएशनवाले आणि सर्जन दोघांनी तपासलं, दोघांचंही मत एक पडलं : केमोसह किरणोपचार.

उपचार घेतले कुठे, त्याचं नाव देत नाही. वाचणारा तेवढंच लक्षात ठेवतो आणि स्वतःचा टप्पा विसरतो. ठरवलं कसं ते सांगतो. घरापासून वीस मिनिटांवर ठाण्यात एक केंद्र होतं, मशिन नवं कोरं, स्वागतकक्ष पंचतारांकित. सुनेने मी सांगितलेला प्रश्न विचारला, "आतला शेक, म्हणजे ब्रॅकीथेरपी, इथेच देता का?" उत्तर आलं, "त्यासाठी दुसरीकडे पाठवतो, ते आम्ही अ‍ॅरेंज करतो." तिथेच ते बाद झालं. बाहेरचा शेक आणि आतला शेक मिळून सगळा उपचार साधारण आठ आठवड्यांत संपायला हवा. लांबला तर आजार परतण्याची शक्यता वाढते. मधेच दुसऱ्या रुग्णालयाचा नंबर लागायची वाट बघणं या हिशेबात बसत नाही. पुढचे प्रश्न साधे होते. महिन्याला गर्भाशयमुखाच्या किती पेशंटना ब्रॅकीथेरपी देता? दर वेळी सीटी किंवा एमआरआय काढून डोस आखता का? मशिन बंद पडलं तर पेशंट कुठे जातो? केस ट्यूमर बोर्डात, म्हणजे सर्जन, किरणोपचार आणि केमो या तिघांच्या बैठकीत ठेवता का? नवी मुंबईतल्या एका केंद्रात बाईंनी प्रत्येक प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं, एकावर "मशिन मागच्या महिन्यात दोन दिवस बंद होतं, आम्ही शनिवारी भरून काढलं" असंही सांगितलं. सुनेला हे उत्तर सगळ्यात आवडलं. मलाही.

बाहेरच्या शेकाच्या तंत्राबद्दलही विचारणं आवश्यक होतं. टाटाच्याच डॉक्टरांचा पार्सर नावाचा अभ्यास २०२१ मध्ये आला. तो शस्त्रक्रियेनंतर किरणं घेणाऱ्या स्त्रियांवरचा होता, म्हणजे काकूंना तंतोतंत लागू नाही. पण रोज प्रतिमा पाहून नेमका दिला जाणारा आयएमआरटी आणि जुनं थ्री-डी तंत्र यांत आतड्याच्या उशिराच्या त्रासाचं प्रमाण तीन वर्षांत २१ टक्के विरुद्ध ४२ टक्के निघालं. तंत्राचे पैसे जास्त पडतात, ते कशासाठी हे कळलेलं बरं.

पैशांचं थोडक्यात. रेशनकार्ड केशरी होतं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत असणं वेगळं आणि किरणोपचारांचं नेमकं पॅकेज तिथे मंजूर होणं वेगळं. म्हणून आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला गाठा, ॲडव्हान्स नंतर.

प्रत्यक्ष उपचार पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, २५ बैठका. ठाण्याच्या ट्रान्स-हार्बरच्या फलाटावरून सकाळची लोकल. मुलाचं ऑफिस ऐरोलीला, तो आधी आईला पोचवून मग मागे यायचा. मशिनखाली झोपताना मूत्राशय रोज सारखंच भरलेलं हवं, म्हणजे आतडी वर ढकलली जातात आणि गर्भाशय रोज त्याच जागी सापडतं. काकूंनी त्यावर आपली युक्ती काढली. अर्ध्या लिटरच्या बाटलीवर सुनेच्या मार्करने रेघ, लघवी करून आलं की रेघेपर्यंत पाणी, मग पाऊण तास जपमाळ. एके दिवशी नंबर लवकर लागला तेव्हा तंत्रज्ञालाच म्हणाल्या, "थांबा, अजून भरली नाही." तो म्हणाला, इतके शिस्तीचे पेशंट मिळत नाहीत.

आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. प्रत्येक वेळी आधी क्रिएटिनीन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि हिमोग्लोबिन. तिसऱ्या आठवड्यात हिमोग्लोबिन ९ वर आलं, रक्ताची बाटली चढवली. जुलाब झाले, उलट्या कमी. आतल्या शेकाची काकूंना जास्त भीती होती. चार वेळा, थोडीशी भूल देऊन. नळी आणि तिच्या दोन बाजूंचे गोळे बसवतात, गॉज घट्ट भरतात, सीटी काढतात, मग डोसाची आखणी होईपर्यंत सरळ पडून राहायचं. हा पडून राहण्याचा वेळ त्रासदायक, शेक स्वतः काही मिनिटांचा. पहिल्या खेपेनंतर त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा बरं गेलं. एकूण उपचार आठ आठवड्यांच्या आत संपले.

तीन महिन्यांनी एमआरआय झाला, आजार दिसला नाही. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी आहे. एक गोष्ट मला स्वतःहून विचारावी लागली, कारण ती कुणी कुणाला सांगत नाही : किरणोपचारांनंतर योनीमार्ग आकसतो, पुढच्या तपासण्याही त्यामुळे दुखतात. त्यासाठी डायलेटर, म्हणजे योनीमार्ग मोकळा ठेवणारं गुळगुळीत नळीसारखं साधन, मिळतो, वापरायची पद्धत रेडिएशन विभागातली सिस्टर शिकवते. काकूंनी मान खाली घालून ऐकलं. सून घेऊन आली, वापर चालू आहे.

परवा काका एकटेच आले. काकूंना शौचाच्या वेळी थोडं रक्त दिसलं होतं आणि स्टेशनजवळच्या मूळव्याधीच्या दवाखान्यात दुर्बिणीने बघून तुकडा घ्यायचं ठरत होतं. मी लगेच तिथे फोन करायला लावला आणि ती भेट रद्द केली. किरणोपचार झालेल्या गुदाशयाच्या पुढच्या भिंतीतून उगाच तुकडा घेतला तर ती जखम भरत नाही, कधी योनीमार्गात छिद्र पडतं. असं रक्त बहुतेकदा किरणांनी नाजूक झालेल्या अस्तराचं असतं, पण ते ठरवायचं रेडिएशनच्या डॉक्टरांनी, किंवा त्यांच्याशी बोलूनच पोटाच्या डॉक्टरांनी. काकूंच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता लाल शाईत लिहिलं आहे : ओटीपोटाला रेडिएशन झालेलं आहे, बायोप्सीपूर्वी विचारा. खाली रेडिएशन विभागाचा नंबर. मंगळवारची वेळ मिळाली आहे.